मावशीचा चहा कोण पितं?

१

"एकदा, निदान एकदा माझ्या बायकोचं नाव घेतलं असतंत, तर तुमची जीभ झिजली असती का हो?"

दारातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ना नमस्कार केला, ना आत येऊ का म्हणून विचारलं. तीन जिने चढून आल्याने त्यांना धाप लागली होती, पण राग असा होता की धापेला दाद देत नव्हता. मावशी हातातलं फडकं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आणि भोचकबाईंचे कान टवकारले.

भोचकबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. शिडी परत करायला म्हणून वर आल्या होत्या, शिडी देऊन झाली होती, तरी त्यांचा पाय काही निघत नव्हता. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात त्यांची हयात गेली. आग लागली म्हणणाऱ्याच्या घरी जाऊन आगपेटी कुठे ठेवता विचारणाऱ्या बाई त्या. भोचकबाई हे नाव त्यांना कचेरीने दिलं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. निवृत्त झाल्यापासून मात्र जिवाला चैन नव्हतं. तेच कपाट रिकामं करायचं, तेच पुन्हा लावायचं.

"अहो, बसा तरी आधी," मावशी म्हणाल्या. "कसलं नाव? कुणाची बायको?"

"बसायला नाही आलो मी! वर्षभर, बाई, वर्षभर प्रत्येक भागाला तुम्हाला चहा पाजतोय आम्ही. पैशांचं सोडा हो, ते काय, चिल्लर. पण तुम्ही शेवटी सगळ्यांची नावं घेता. ती बिचारी पलंगावर पडल्या पडल्या कान देऊन बसते, आता येईल, आता येईल. भाग संपतो. मग माझ्याकडे पाठ करून झोपते."

हे चहाचं प्रकरण सांगायला हवं. बसस्थानकावर हरवलेलं सामान जमा होतं ना, त्या खिडकीत मावशींचा उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर त्या सामानाच्या गोष्टी त्यांनी सांगायला घेतल्या आणि त्या आता दर आठवड्याला इंटरनेटवर लागत. फुकट ऐका, कुणाला काही द्यायला नको. पण पानाच्या तळाशी एक बटण होतं, 'मावशीला चहा पाजा'. ज्याला वाटेल त्याने ते दाबावं, कपभर चहाचे पैसे टाकावेत आणि सोबत दोन ओळी लिहाव्यात. चहा पाजणाऱ्या प्रत्येकाचं नाव मावशी भागाच्या शेवटी घ्यायच्या आणि त्याने लिहिलेल्याला उत्तर द्यायच्या. एकही नाव सुटू द्यायच्या नाहीत. खिडकीवरची सवय, दुसरं काय!

"तुमच्या मंडळींचं नाव मी कधी वाचलंच नाही," मावशी म्हणाल्या. "शपथेवर सांगते. काय लिहायच्या त्या?"

गृहस्थ जरा नरमले. "ते मला काय माहीत? पैसे मी भरतो, मजकूर ती लिहिते. मला बघू देत नाही. पाठवला की आमच्याकडे राहतही नाही. विचारलं तर म्हणते, ज्यांना विचारलंय त्या सांगतील. काहीतरी विचारतेय ती तुम्हाला. आणि तुम्ही उत्तर देत नाही म्हणून तिने मनाला लावून घेतलंय." त्यांनी चौकटीला हात टेकला. "उद्या सकाळी तिचं ऑपरेशन आहे. हृदयाचं. डॉक्टर तोंडभर हसतात तेव्हा मला जास्त भीती वाटते."

मावशींनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

भोचकबाईंना आता कुणी विचारायची गरज नव्हती. "मोबाईल द्या इकडे. पैसे भरल्याची पावती दाखवा." त्यांनी पडदा डोळ्यांजवळ धरला. "पैसे पोचले 'मावशीची खिडकी' नावाच्या खात्यात. बरोबर?"

"नाही गं," मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझं खातं माझ्या नावाचं आहे. असलं खातं मी कधी उघडलंच नाही."

२

गृहस्थांना भोचकबाईंनी आजच छडा लावते असा शब्द देऊन परत पाठवलं. शब्द देताना त्यांना वाटलं होतं, तासाभराचं काम. पण बँकेत फोन केला तर अर्ज करा म्हणाले. त्या अर्जाला उत्तर येईपर्यंत ऑपरेशन होऊन टाकेसुद्धा निघाले असते.

"पैसे गेले ते गेले," मावशी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "पण लोकांनी मला लिहिलेलं कुठे आहे? किती जणांना वाटत असेल, बाई गोड बोलते आणि ढुंकून बघत नाही. आणि ती बाई! उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर? काय विचारत होती ती मला?"

"रडायचं नंतर. आधी सांग, त्या पानावरचं खातं बदलायचं तर काय लागतं?"

"पासवर्ड. तो तिथे भिंतीवर चिकटवलाय की. माझ्या लक्षात राहत नाही."

भोचकबाईंनी कपाळावर हात मारला. विम्यात असे भेटायचे, कुलपाची किल्ली कुलपालाच लटकवणारे.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे घरातली अडगळीची खोली होती. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना रजया टांगलेल्या, मध्ये टेबल, टेबलावर माइक आणि माइकच्या वर, कुणालाही सहज दिसेल असा, तो कागद. या खोलीत येणारी माणसं तीन. पहिला मावशींचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे धाकटाच म्हणत. पान त्यानेच उघडून दिलं होतं आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला यंत्रापाशी तोच बसायचा. दुसरी कात्री. म्हणजे रेकॉर्ड झालेलं कापून-जोडून नीट करणारी मुलगी. मावशींनीच तिचं हे नाव ठेवलं होतं. तिसरा मागच्या खोलीतला भाडेकरू. तो संगणक दुरुस्त करायचा, कधी यंत्र अडलं तर त्याला बोलवत.

"पण मग मला येणारे चहा?" मावशींना एकदम आठवलं. "मला येतात की! हे बघ." त्यांच्या मोबाईलवर ओळीने नावं होती. रात्रपाळीची नर्स. निवृत्त ड्रायव्हर. शाळेतल्या शिपाईबाई. "ही नर्स तर माझी लेकच म्हण. भाग काढायचं बंद करावं असं जेव्हा जेव्हा मनात आलं ना, तेव्हा तेव्हा हिच्या दोन ओळी आल्या. हे वाच."

भोचकबाई वाचू लागल्या. 'मावशी, कवळीची गोष्ट ऐकली. तुमचे वडील तुम्हाला बाकावर विसरून गेले आणि परत आल्यावर आधी पिशवी शोधायला लागले, ते ऐकून ड्युटीवर डोळे पुसले. तुमच्यासारखं कुणी सांगत नाही. थांबू नका.'

वाचता वाचता त्यांचा पाय हलायला लागला. कुठेतरी काहीतरी खुपलं की असं व्हायचं. त्यांनी आपल्या मोबाईलवर पान उघडलं, बटण दाबलं आणि कपभर चहाचे पैसे टाकले. पावती आली, 'मावशीची खिडकी'. मावशींचा मोबाईल हूं की चूं नाही.

"अगं," त्या सावकाश म्हणाल्या, "बटण दाबलं की पैसे तिकडे जातात. कुणीही दाबलं तरी. मग ही तुझी नर्स, तो ड्रायव्हर, त्या शिपाईबाई, हे तुझ्याकडे कुठून येतात?"

मावशींनी मोबाईल उलटापालटा करून बघितला.

"तुझा खाजगी नंबर ज्याला माहीत आहे, तोच थेट तुझ्या खात्यात पैसे पाठवू शकतो. नर्सला तो कुणी दिला? जो कढईभर दूध पळवतो, तोच तुला वाटीभर आणून देतोय. म्हणजे तुला संशय येऊ नये आणि तू बोलायची थांबू नयेस. ती नर्स नाहीये, बाई. तोच चोर आहे."

३

धाकटा निरोप मिळताच धावत आला. त्याचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद पडल्याला बरेच दिवस झाले होते. हल्ली तो हे-ते करतो असं मावशी सांगायच्या. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून मावशींनीच त्याला वाढवलं होतं.

"ताई, तू आधी पाणी पी," तो म्हणाला. मग भोचकबाईंकडे वळला. "कुणाची एवढी हिंमत झाली? माझ्या ताईचा घास पळवतात म्हणजे काय!"

"तू ऐकतोस का रे हिचे भाग?" भोचकबाई खोलीभर फिरत होत्या. बसून प्रश्न विचारणं त्यांना जमत नसे.

"म्हणजे काय! समोर बसून ऐकतो. आणि नंतर घरी पुन्हा. सुरुवातीची ती बासरी वाजली ना, की अंगावर काटा येतो माझ्या. सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातं ताईचं."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला.

"तुला कुणाचा संशय?"

तो घुटमळला. "कुणाच्या पोटावर पाय देऊ नये माणसाने. पण कात्रीकडे परवा नवेकोरे हेडफोन बघितले. असले मी स्टुडिओ जोरात असतानाही घेऊ शकलो नव्हतो. आणि ती कायम कमी पैसे मिळतात म्हणून कुरकुरते. बाकी तुमचं तुम्ही बघा."

"पासवर्ड तिला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच आहे. भिंतीवरच आहे ना तो." तो हसला. "मी किती वेळा म्हटलं ताईला, काढ तो कागद."

तो गेल्यावर मावशी म्हणाल्या, "बघितलंस, किती जीव आहे त्याचा." कानाला आकाशवाहिनी लावून भोचकबाई जुने भाग ऐकत येरझाऱ्या घालत होत्या. हो, कानातल्या त्या दोन बोंडांना त्या आकाशवाहिनीच म्हणायच्या. कवळीचा भाग त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. मग पुन्हा ऐकला.

त्यात वडील नव्हतेच.

ना बाक, ना पिशवी, ना वडील. कुणाची तरी कवळी, ती न्यायला आलेले दोन दावेदार, दोघांनी ती लावून बघण्याचा प्रसंग, हशा आणि नावं. बस्स, एवढंच.

"अगं, वडिलांचं तू सांगितलं होतंस का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"सांगितलं होतं, पण नंतर मलाच कसंतरी झालं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी कात्रीला फोन करून म्हटलं, ते काढून टाक. कुणाला कशाला सांगायचं? ती आणि मी, बस. मग नर्सची चिठ्ठी आली, तेव्हा वाटलं, थोडं राहून गेलं असेल."

म्हणजे जे बाहेर कुणीही ऐकलं नव्हतं, ते ऐकून नर्सने डोळे पुसले होते.

४

मागच्या भिंतीवर ठोका पडला. धप्, धप्, धप्.

"हा भाडेकरू," मावशी म्हणाल्या. "जरा बोललं की भिंत बडवतो. झोपमोड होते म्हणे."

भिंत बडवतो म्हणजे त्याला भिंतीपलीकडचं ऐकू येतं. भोचकबाई तडक मागच्या खोलीत शिरल्या. भाडेकरू, केस विस्कटलेला, अंगात बनियन, उघडलेल्या संगणकांच्या ढिगात बसला होता. त्यांना बघून त्याने घाईघाईने मोबाईल उशीखाली सरकवला.

"काय लपवलंस?"

"काही नाही. तुम्ही कोण विचारणार?"

"मी भोचक. काय ऐकू येतं रे तुला भिंतीतून?"

"डोकं उठवणारी भुणभुण येते. रात्रपाळी करून येतो मी, आणि या बाईंची कटकट सुरू."

रात्रपाळी! नर्सचं नाव रात्रपाळीवरूनच तर होतं. पण त्यांचा स्वभाव असा की पटलेली गोष्टही तपासून घ्यायच्या. त्यांनी दारातून हाक मारली, "अगं, माइकपुढे बस आणि वडिलांची ती गोष्ट सांग. तेव्हा सांगितलीस तशीच."

मावशी कुरकुरल्या, पण बसल्या. भोचकबाईंनी भिंतीला कान लावला. भुणभुण आली खरी. उकळत्या किटलीसारखी. शब्द एकही नाही. एवढ्या रजयांतून कुणाच्या बापालाही शब्द कळले नसते.

"मावशी कशाबद्दल बोलतात ते तुला इथून कळतंच नाही तर!"

"मी तेच तर सांगतोय!"

"मग मोबाईल दाखव."

तो लाल झाला. नको नको म्हणत त्याने उशीखालून मोबाईल काढला. पडद्यावर मावशींचाच ताजा भाग थांबवून ठेवला होता आणि खाली पावत्या होत्या. प्रत्येक भागाला चहा. नाव, 'वैतागलेला शेजारी'.

"त्यांना सांगू नका हं," तो कानशिलं खाजवत म्हणाला. "तोंडावर भांडतो मी त्यांच्याशी. भुणभुण नकोच होते, त्याने झोप जाते. पण भाग लागला की बसमध्ये ऐकतोच. फार मजा येते. माझं नाव मात्र एकदाही घेतलं नाही त्यांनी. मला वाटलं, ओळखलं असेल आणि मुद्दाम गाळत असतील."

पावत्यांवर तेच खातं होतं. हा तर लुबाडलेल्यांपैकी निघाला.

"म्हणजे उरली कात्री," दारात येऊन उभ्या राहिलेल्या मावशी म्हणाल्या. "माझी पोर गं ती."

५

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं होतं, डॉक्टरांना दुसरी तातडीची केस आली म्हणून. "एक दिवस मिळाला म्हणून आनंद करू की एक दिवस भीती वाढली म्हणून रडू?" ते म्हणाले. भोचकबाईंनी चपला घातल्या.

कात्री गच्चीवरच्या एका खोलीत राहायची. गळ्यात ते नवे हेडफोन.

"कुठून आणलेस?"

"दादाने पाठवलेत. बिल हवंय?" ती फणकारली. मग सगळं ऐकून तिचा फणकारा उतरला आणि ती पलंगाच्या कडेवर टेकली. "माझ्यावर संशय आहे का मावशींचा?"

"आधी उत्तरं दे. कवळीच्या भागात वडिलांचा प्रसंग होता?"

"होता. आणि मी कापला. भांडले होते मी मावशींशी त्याच्यावरून! म्हटलं, अख्ख्या भागात तेवढंच तर काळजातून आलंय, ते नका काढायला लावू. तर म्हणाल्या, माझं काळीज आहे, मी ठरवीन. रडत रडत कापला मी तो. कुणाला बोलू नकोस म्हणाल्या, नाही बोलले."

"रडत कापलास, तर लक्षात राहिलं असेल."

"मरेपर्यंत राहील."

भोचकबाई चालायच्या थांबल्या. भर दुपारी वीज गेली की पंखा जसा सावकाश थांबतो तशा. मग म्हणाल्या, "त्या सुरुवातीच्या बासरीचं काय गं? मी वीस-बावीस भाग ऐकले, बासरी कुठे सापडलीच नाही."

"बासरी? ती पहिल्या थोड्या भागांना होती. ज्याची होती त्याने हरकत घेतली, मग मी सगळ्या जुन्या भागांतूनसुद्धा काढून टाकली. आता बसची घंटी असते. किती महिने झाले त्याला! का हो?"

भोचकबाईंनी तिचा हात धरला. "ऊठ. चप्पल घाल. तुझ्या मावशीला आता कुणाचा तरी खांदा लागणार आहे."

६

रजयांच्या खोलीत पाच माणसं म्हणजे दाटीवाटीच. मावशी माइकपाशी, कात्री त्यांना खेटून, भाडेकरू दाराला टेकून. धाकटा आपल्या नेहमीच्या जागी, यंत्राजवळ. भोचकबाईंना फिरायला जागाच नव्हती, त्यामुळे त्या जागच्या जागी चुळबुळत होत्या.

"नर्सने कापलेल्या प्रसंगावर डोळे पुसले," त्या म्हणाल्या. "म्हणजे तिने कच्चं रेकॉर्डिंग ऐकलं. बाहेर गेलेल्या भागात तो प्रसंग नाही."

"मग कच्चं कात्रीकडेच जातं," धाकटा म्हणाला.

"जातं. पण ती रडत रडत कापते आणि मग तेच ऐकलं म्हणून खोटी चिठ्ठी लिहिते? ज्याने कापलं त्याला सगळ्यांत जास्त माहीत असतं की ते आता कुणाला ऐकू येणार नाही. कात्रीने कच्चंही ऐकलं आणि पक्कंही. भाडेकरूने पक्कं ऐकलं, कच्चं त्याला भिंत ऐकू देत नाही. आपली नर्स तिसरीच आहे. तिने कच्चं ऐकलंय आणि पक्कं कधी उघडूनसुद्धा बघितलेलं नाही. बघितलं असतं तर प्रसंग गेला हे तिला कळलं असतं. असा कोण आहे? जो या खोलीत बसतो आणि बाहेर गेलं की त्याचं काम संपतं."

धाकटा हसला. "माझ्याकडे काय बघताय? मी प्रत्येक भाग घरी पुन्हा ऐकतो."

"मग सांग बरं, सुरुवातीला काय वाजतं?"

"बासरी. कालच तर बोललो तुम्हाला."

कात्रीने हळूच मोबाईलचं बटण दाबलं. खणखणीत घंटी झाली, टण टण, आणि मावशींचा आवाज आला, 'या मंडळी, खिडकी उघडली.'

धाकट्याचा रंग उडाला. त्याने मावशींकडे बघितलं, मग खाली.

"कधीच ऐकलं नाहीस?" मावशींनी विचारलं. आवाज एवढा साधा होता की कात्रीलाच हुंदका आला. "एकसुद्धा भाग?"

"ताई, मी समोर बसलेलो असतोच की! पुन्हा काय ऐकायचं?" तो चिडून म्हणाला आणि मग फुटला. "पान मी उघडलं, माइक मी आणला. स्टुडिओ बुडाला तेव्हा कुणी मला चहा पाजला नाही. पहिल्यांदा थोडेच घेणार होतो, परत ठेवणार होतो. मग नाही जमलं. आणि तू बंद करते म्हणालीस ना, तेव्हा मी घाबरलो. ती पत्रं मी लिहिली नसती तर तू केव्हाच गप्प बसली असतीस. चालू तर मीच ठेवलं तुला!"

"खरी पत्रं दिली असतीस तर?"

तो उठून दाराकडे वळला.

"पैशांचं तू आणि ही भोचक बघा. ज्याचे त्याला परत द्यायचे, माफी मागून, एकेकाला," मावशी म्हणाल्या. "मला तुझं तोंड बघायचं नाही. किती दिवस ते माहीत नाही. पण त्याआधी तुझा मोबाईल दे इकडे. माझ्या चिठ्ठ्या दे."

७

चिठ्ठ्या सापडल्या. शेकड्यांनी. त्या गृहस्थांच्या बायकोचं नाव कात्रीने शोधून काढलं. पहिली चिठ्ठी वर्षापूर्वीची.

'बसमध्ये माझी एक निळी पेटी राहिली होती. फार वर्षं झाली, तेव्हा लग्नही झालं नव्हतं माझं. आत मी काढलेली चित्रं होती, सगळी. त्यानंतर मी ब्रश हातात धरला नाही. तुमच्या खिडकीत आली होती का हो?'

पुढच्या प्रत्येक चिठ्ठीत तेच. कधी लाजत, कधी गमतीने, शेवटी शेवटी नुसतं, 'आली होती का?'

"आली होती?" भोचकबाईंनी विचारलं.

मावशींनी डोळे मिटून एकेक पेटी आठवून बघितली. "नाही," त्या म्हणाल्या. "निळ्या पेट्या आल्या, पण चित्रांची नाही."

भाडेकरू खाकरला. कात्रीने भोचकबाईंकडे बघितलं. आणि जन्मभर खोटं पकडण्यात घालवलेल्या भोचकबाई, ऐका, त्या म्हणाल्या, "अगं, आली होती म्हण ना. कुणीतरी प्रेमाने घेऊन गेलं म्हण. उद्या ऑपरेशन आहे तिचं. काय जातंय आपलं?"

"गोड खोटं वर्षभर खाल्लंय मी," मावशी म्हणाल्या. "अंगाला लागत नाही ते. कात्री, यंत्र लाव."

बोलायला लागल्या तेव्हा शब्द खरवडत बाहेर आले. त्यांनी त्या बाईंचं नाव घेतलं, मग थांबून पुन्हा एकदा घेतलं. "वर्षभर तुम्हाला उत्तर दिलं नाही. कारण सांगत बसत नाही, माफ करा. तुमची पेटी माझ्या खिडकीत आली नाही. आली असती तर मला आठवली असती, कारण उघडून चित्रं बघायचा मोह मला आवरलाच नसता. मी ती बघितली नाहीत याचं मला वाईट वाटतंय. उद्यासाठी बळ घ्या."

तेवढाच भाग. कात्रीने घंटी लावली आणि दिवस मावळायच्या आत पानावर चढवला. बटणामागचं खातं भाडेकरूने बदललं, त्या गृहस्थांना फोन झाला आणि मग वाट बघण्याखेरीज हातात काही उरलं नाही. भोचकबाई स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर करत राहिल्या. आपण हिला अडवायला हवं होतं, असं त्यांना दर फेरीला वाटत होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणी कुणाला 'नाही' सांगतं का?

मावशींचा मोबाईल वाजला. चहा आला होता. बटणावरून, थेट, पहिल्यांदा. मावशींनी चष्मा लावला, काढला, पुसला आणि अखेर मोठ्याने वाचायला घेतलं.

'नाव ऐकलं. दोनदा घेतलंत. नाही आली म्हणालात, तेव्हा आधी खूप रडले, मग एकदम मोकळं वाटलं. वाट बघायचं तरी संपलं. आता ती चित्रं पुन्हा काढावी लागणार म्हणजे. यांना रंग आणायला पिटाळलंय, हे म्हणतात आधी ऑपरेशन होऊ दे. तुमचा आवाज बसलाय, कोमट पाणी प्या. आणि एक सांगते, राग मानू नका, गेल्या आठवड्यातली छत्रीची गोष्ट फार लांबली. मला मध्येच झोप लागली.'

मावशी मोबाईल छातीशी धरून रडायला लागल्या. इतक्या मोठ्याने की भिंतीपलीकडून भाडेकरू धावत आला आणि जिन्यात थांबलेली कात्रीही.

"काय झालं? काय लिहिलंय?"

"नावं ठेवलीत तिने मला!" मावशी रडता रडता हसत होत्या. "लांबली म्हणते! अगं, खरंच लांबली होती ती."